शेवटचा नंबर

चोवीस लाखांचं घर घ्यायला आपल्याजवळ किती असायला हवेत, हा प्रश्न मला आधी सोपा वाटला होता. बँक ऐंशी टक्के देते, वीस टक्के आपले. म्हणजे चार लाख ऐंशी हजार. माझ्याकडे पाच लाख होते. कृषी विद्यापीठाच्या ग्रंथालयात लागल्यापासून मी ते थोडे थोडे बाजूला टाकत आले होते. आई त्यांना ‘घराचे पैसे’ म्हणायची. तिच्या आजारपणात मी ती ठेव मोडायला निघाले, तेव्हा तिनं पलंगावरूनच हात वर करून मला थांबवलं होतं. “त्याला हात लावायचा न्हाई. भूषण पाठवायलाय पुण्याहून.”

माझ्या भावानं, बुद्धभूषणनं, खरंच पाठवले. नांदेडच्या दवाखान्यात भरती करताना भरायची रक्कम त्याच्याच खात्यातून आली. मार्चमध्ये आई गेली. भेटायला येणारे म्हणायचे, लेकानं पुण्यात राहूनही सगळं केलं. मीही तेच सांगायचे. आईच्या आजारात माझा एक रुपया लागला नाही, हे मात्र मी कुणाला सांगत नव्हते.

तर सप्टेंबरात मी बँकेत गेले. तिथल्या बन्सीधर साहेबांनी माझा हिशेब शांतपणे ऐकला आणि एक कोरा कागद पुढं ओढला.

“चोवीस लाख घराचे, की कागदाचे?”

मला फरक कळला नाही.

“घरमालक खरेदीखत कितीचं करू म्हणतो?”

घरमालक योगीराज पाथरीचा. खतांचं दुकान, थोडी शेती, आणि परभणीत कारेगाव रस्त्याला भाड्यासाठी बांधलेलं हे दोन खोल्या-स्वयंपाकघराचं घर. तो म्हणाला होता, कागदावर अठरा लावू, वरचे सहा हातावर द्या. त्याचा कर वाचतो, आपल्याला काय, असं मी धरून चालले होते. आमच्याकडे बरेच व्यवहार असेच होतात, म्हणून मला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

“मग बँक अठराचे ऐंशी टक्के देणार,” साहेब म्हणाले. “घर कितीला पडलं ते आम्हाला कुठून कळणार, मॅडम? आम्हाला कागद दिसतो.” त्यांनी वजाबाकी केली आणि कागद माझ्याकडे फिरवला. माझा वाटा दुप्पट झाला होता. घर तेच, भिंती त्याच.

मला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर मला गंमत वाटली. एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी सापडल्या की मी जशी दोन्ही कार्डं शेजारी ठेवून बघत बसते, तशी मी त्या दोन आकड्यांकडे बघत बसले. आई असती तर संध्याकाळी तिला हे समजावून सांगितलं असतं.

“पूर्ण रक्कम कागदावर आली तर?” मी विचारलं.

“तर तुमचं पाच लाखांचं गणित बरोबर. पण त्यावर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी. ते कर्जात येत नाही, रोख लागतं. घर तुमच्याच नावावर ना?”

“माझ्याच.”

“मग एक टक्का सूट आहे बायकांना. तरी सव्वा लाख कमी पडतात बघा.”

योगीराजला मी फोन केला. पहिल्यांदा केला होता तेव्हा त्यानं माझं पूर्ण नाव विचारलं होतं, ऐकून जरा थांबला होता, आणि मग भाव सांगितला होता. आईच्या काळात लोक थांबायचे आणि भाव सांगायचेच नाहीत. आता पूर्ण चोवीस कागदावर लावा म्हटल्यावर तो पुन्हा थांबला.

“मॅडम, टॅक्स तुमी भरणार का माझा?”

“नाही. पण अठरा लावले तर बँक मला पुरेसे देणार नाही, आणि मग तुमचं घर मी घेणारच नाही.”

“लय शिकलेल्या मानसाला घर इकू नाई,” तो म्हणाला, पण रागानं नाही. शेवटी ठरलं असं: पूर्ण रक्कम कागदावर, भावात एक रुपयाही कमी नाही, पन्नास हजार इसार आत्ता, आणि दिवाळीपर्यंत खरेदीखत. दिवाळी उलटली तर इसार बुडाला. मी पाथरीला जाऊन पैसे आणि सही देऊन आले. सव्वा लाखाची मला काळजी नव्हती, कारण आईचा भिशीचा नंबर होता.

भिशी म्हणजे आमच्या भागातल्या बारा बायकांची. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येकीनं दहा हजार आणायचे, आणि जमलेले एक लाख वीस हजार त्या महिन्यात जिचा नंबर असेल तिनं उचलायचे. जानेवारीला सुरू, डिसेंबरला संपली. बहुतेक जणी नोकरीवाल्या नाहीतर पेन्शनवाल्या; जिला दहा जड जातात ती दुसरीबरोबर अर्धा नंबर घेते. पेडगावच्या उपकेंद्रातून नर्स म्हणून निवृत्त झाल्यावर आईनं ही भिशी सुरू केली आणि शेवटपर्यंत चालवली. माणूस गेलं तरी नंबर जात नाही, घरचं कुणीतरी त्या जागेवर बसतं. म्हणून एप्रिलपासून आईच्या जागी मी पैसे नेऊन देत होते. आई दर साली शेवटचा नंबर घ्यायची, डिसेंबरचा. मला तो दिवाळीच्या आत हवा होता. एवढीच अदलाबदल करायची होती.

आता भिशी दगडामावशी सांभाळतात. मी गेले तेव्हा त्या ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या.

“जय भीम, मावशी.”

“जय भीम. बस. वाळलीस किती वं. खातीस का न्हाई काही?”

मी बसले आणि शेंगा फोडायला घेतल्या. कामाचं काढण्याआधी मला एक विचारायचं होतं, कारण बँकेतून आल्यापासून ते डोक्यात घोळत होतं. भिशीत पहिला नंबर घेणारी उसने घेते आणि शेवटचा घेणारी उसने देते. व्याज कुठेच नाही. मग चालवणाऱ्या बाईनं पहिला नंबर घ्यायची रीत सगळीकडे असताना आई शेवटचाच का घ्यायची?

मावशी हसायला लागल्या. “रंगनाथला विचार.”

“मामांना?”

“दर पंधरवड्याला यायचा की तुझा मामा. ताई, मोटर जळाली. ताई, पोराची फीस हाय. ताई, गाडीचा हप्ता. कुसुम म्हणायची, आरं, माझा नंबर शेवटचा हाय, आणू कुठून? अन् खोटं बोलायची न्हाई हां. खरंच शेवटचा. तुझा मामा बिचारा डिसेंबरची वाट बघायचा. डिसेंबरात यायचा तर ही म्हणायची, लेट झालास, कालच बँकेत ठेव केली.”

मीही हसले. मार्चनंतर पहिल्यांदा आईचं नाव निघालं आणि मला हसू आलं. तीन नोकऱ्यांएवढी शिस्त असलेली बाई, आणि नाही म्हणायला तिला बारा बायकांची मदत लागायची.

मग मी मुद्द्यावर आले. “मावशी, या महिन्यात नाहीतर पुढच्या, मला आईचा नंबर हवा आहे.”

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. “कुणाचा नंबर?”

“आईचा. अदलाबदल करून.”

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. कपाळावर आठी आली. ती नियमाची असेल असं मला वाटलं. “एकटीपाशी बोलायची रीत न्हाई,” त्या म्हणाल्या. “रविवारी विहारात ये. सगळ्यांसमोर सांग, कशाला पाहिजे ते. तुझ्या मायनंच घालून दिलंय ते.”

ही रीत मला ऐकून माहीत होती, पाहिलेली नव्हती. आमच्या भिशीत चिठ्ठ्या निघत नाहीत. जिला आधी पाहिजे तिनं उभं राहून कारण सांगायचं, बाकीच्यांनी पाहिजे ते विचारायचं. इतके महिने मी पैसे मावशींच्या हातात ठेवून निघून येत होते. रविवारी वंदना झाल्यावर माणसं पांगली आणि बायका पडवीत सतरंजीवर बसल्या. कडूबाईही आल्या होत्या. त्या पेडगावच्या शेतकऱ्याच्या घरच्या, वंदनेला नसतात, चहाच्या वेळेला बरोबर येतात. त्यांची दोन्ही बाळंतपणं आईनं केलेली, म्हणून त्या तिला शेवटपर्यंत सिस्टरच म्हणायच्या. त्यांच्याबरोबर अर्धा नंबर असलेली राजेश्री शिलाईचं काम करते. ती भिंतीला टेकून मोबाईल बघत होती.

मी उभी राहिले. घर घ्यायचं आहे म्हणाले.

“कुठं?”

“कारेगाव रस्त्याला.”

“मेन रोडला का आत?”

“आत. तिसऱ्या गल्लीत.”

“नळाला पाणी किती दिवसाआड येतंय?”

मला माहीत नव्हतं.

“बोअर हाय का?”

“आहे, म्हणाले.”

“किती फुटाला लागलंय पानी?”

तेही माहीत नव्हतं. मी बाजारभाव, सरकारी भाव, मुद्रांक शुल्क, व्याजाचे दोन प्रकार, सगळं वाचून आले होते.

“स्वयंपाकघरात ओटा हाय का निस्तं कडाप्पा टाकलाय?” राजेश्रीनं मोबाईलमधून मान वर न काढता विचारलं.

“ओटा आहे.”

“चला, एक तरी माहीत हाय,” कडूबाई म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या.

मी मग बँकेचं गणित सांगितलं. इसार सांगितला, दिवाळी सांगितली. आणि म्हणाले, आईचा डिसेंबरचा नंबर ज्या कुणाला चालेल तिनं घ्यावा आणि आपला ऑक्टोबरचा मला द्यावा.

चहाची किटली घेऊन आलेली बाई दारातच थांबली. मला वाटलं, मी मागायला नको होतं. मग कडूबाई हळूच म्हणाल्या, “पन संघू, सिस्टरचा नंबर तर जानेवारीतच गेला की.”

“कुठे गेला?”

“उचलला त्यांनी. पहिला. ह्या साली पहिल्यांदाच पहिला मागितला. हितंच उभं राहून.”

मी दगडामावशींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

“मग मला का सांगितलं नाही?”

“आमाला काय माहीत तुला माहीत न्हाई,” मावशी म्हणाल्या. “तू दर महिन्याला मुकाट्यानं दहा हजार आणून ठेवायचीस. एका शब्दानं विचारलं न्हाईस. आमी म्हणायचो, कुसुमची लेक, मायचा नंबर फेडायलीय. ओसरीवर बोललीस तवा मला वाटलं, दुसरा मागायलीस. कारण नडीचं असंल, चौघीत सांग म्हणलं.”

“आईनं कारण काय सांगितलं होतं?”

“दवाखाना,” राजेश्री म्हणाली. तिनं मोबाईल बाजूला ठेवला होता. “म्हणल्या, नांदेडला भरती व्हायचंय, आन् लेकीच्या घराच्या पैशाला हात लावायचा न्हाई. आमी काहीच विचारलं न्हाई. फक्त कडूबाईंनी विचारलं, डबा कोण आणणार म्हणून.”

पण दवाखान्याचे पैसे भूषणनं भरले होते. त्याच्या खात्यातून आले होते, मी स्वतः पाहिलं होतं. मी पडवीच्या पायरीवर जाऊन त्याला फोन लावला.

दवाखान्याचे पैसे खरे कुणाचे, एवढंच विचारलं. “तुला कुणी सांगितलं?”

“तू सांग.”

“आईनं जानेवारीत एक लाख वीस हजार माझ्या खात्यात टाकले. म्हणाली, दवाखान्यात तू पाठवल्यासारखं पाठव. संघूनं पावती बघितली तर तिकडून आलेलं दिसलं पाहिजे. मी म्हणालो, मी माझे पाठवतो. ती म्हणाली, तुझा हप्ता चालू आहे, तू कुठून पाठवणार.” मग म्हणाला, “लोक माझं नाव घ्यायचे ना, तेव्हा मला तिथून उठून जावंसं वाटायचं.”

परभणीतून पुण्याला आणि पुण्याहून नांदेडला. आईनं पैशांना एवढा प्रवास घडवला होता, कारण मी पावत्या वाचते हे तिला माहीत होतं. मी फोन ठेवला आणि त्या पायरीवर बसून एक साधी गोष्ट समजून घ्यायला मला बराच वेळ लागला. एप्रिलपासून मी घरासाठी साठवत नव्हते. मी आईच्या दवाखान्याचे पैसे भरत होते. दर महिन्याला, वेळेवर, न चुकता. डिसेंबरपर्यंत ते फिटणार होते. माझा एक रुपया लागला नाही म्हणून ज्या कामाचं मला वाईट वाटत होतं, ते काम मी रविवारी सकाळी नीट घड्या घातलेल्या नोटांनी करत होते.

घराच्या हिशेबात सव्वा लाखाचा खड्डा पडला होता आणि मला हलकं वाटत होतं. हे कुठल्या रकान्यात बसवायचं ते मला कळेना.

आत गेले तेव्हा चहा वाटून झाला होता. माझा कप ताटलीनं झाकून ठेवलेला होता.

“ह्या साली आता दुसरा नंबर देता येत न्हाई,” दगडामावशी म्हणाल्या. “उचललेल्यानं त्या साली परत मागायचं न्हाई.”

“हा नियम कुणाचा?”

“कुणाचा असंल?” कडूबाई म्हणाल्या.

“जानेवारीत नवीन भिशी लागंल,” मावशी पुढं म्हणाल्या. “पहिला नंबर माझा असतोय. मला तूर्त गरज न्हाई. घे तू. तवर त्या पाथरीवाल्याला थांबव.”

“जानेवारीचा मी मागणार होते,” राजेश्री म्हणाली. “गाळा घ्यायलेय भाड्यानं, त्याचं डिपॉझिट द्यायचंय.”

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“तसं नका बघू. मी निस्तं सांगायले.” तिनं चहाचा घोट घेतला. “फेब्रुवारीत चालंल मला. पन मार्च म्हणाल तर न्हाई. आन् कडूबाई, अर्ध्या नंबरावर गाळा भागत न्हाई, पुढल्या साली मी पूर्ण घेणार.”

“घे की माय. माझी कटकट गेली.”

पुढच्या सुट्टीला मी एसटीनं पाथरीला गेले. योगीराज दुकानात होता. त्यानं मला मागं घरात नेलं. त्याची बायको प्रियांका पाण्याचा तांब्या ठेवून दाराशी उभी राहिली. मी मुदत मागितली, जानेवारीअखेरपर्यंत.

“दिवाळी ठरली होती, मॅडम.”

“ठरली होती. माझे काही पैसे येणार होते, ते नाही येत. जानेवारीत येतात.”

“कामून न्हाई आले?”

आधीची मी ‘अडचण आहे’ एवढंच म्हणाले असते. पण विहारात एकदा उभं राहून बोलल्यावर तेवढं अवघड राहिलं नव्हतं. मी सांगितलं: आईचा भिशीचा नंबर मी शिल्लक समजत होते, तो तिनं दवाखान्यासाठी आधीच उचलला होता, मला आत्ता कळलं.

प्रियांका दारातून म्हणाली, “आई गेल्या का तुमच्या?”

“मार्चमध्ये.”

योगीराजनं मान खाली घालून पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. वाईट वाटलं म्हणून सौदा सैल सोडणारा तो माणूस नव्हता, आणि मीही तशी अपेक्षा धरून गेले नव्हते. पिशवीतून मी पाकीट काढलं.

“आणखी पन्नास इसार ठेवा. जानेवारी उलटली तर लाख तुमचे.”

त्यानं पाकीट उचललं नाही, पण त्याच्याकडे पाहिलं. इसार म्हणजे काय, हे मला तिथं कळलं. मी घराची किंमत देत नव्हते, दिवस विकत घेत होते; आणि दिवसांचा भाव योगीराजला चांगला कळत होता.

“जानेवारीच्या पुढं एक दिवस न्हाई.”

“नाही.”

“बरं.”

“आता मला एक सांगा. नळाला पाणी किती दिवसाआड येतं?”

त्यानं चमकून पाहिलं. प्रियांका हसू दाबत आत गेली.

“बोअर हाय ना, मॅडम.”

“किती फुटाला लागलंय? उन्हाळ्यात टिकतं का?”

“हे आधी न्हाई विचारलं तुमी.”

“आता विचारतेय.”

“मे महिन्यात जरा कमी होतंय,” तो शेवटी म्हणाला. “शेजारी टँकर सांगतेत. टाकी बांधून देतो, जा. पन भाव तोच.”

ऑक्टोबरात, नोव्हेंबरात आणि डिसेंबरात मी विहारात जाऊन बसले. पैसे देऊन लगेच निघाले नाही. डिसेंबरचे दहा हजार मावशींच्या हातात ठेवले तेव्हा त्या म्हणाल्या, “फिटलं बघ,” आणि नोटा मोजल्याच नाहीत. डिसेंबरचा नंबर कडूबाई-राजेश्रीचा होता; आईनं पहिला नंबर घेतला तेव्हा तिची शेवटची जागा त्यांनी घेतली होती. राजेश्रीनं त्याच दिवशी मापाची टेप गळ्यात तशीच ठेवून अर्धे पैसे पर्समध्ये टाकले.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी मी उभी राहिले. कुणी काही विचारलं नाही, फक्त एवढंच की टाकी बांधली का. बांधली, म्हणाले. महिना संपायच्या आत खरेदीखत झालं. बन्सीधर साहेब नोंदणी कार्यालयात मुद्दाम येऊन गेले. भूषण पुण्याहून आला आणि साक्षीदार म्हणून सही केली.

सामान लावून आठवडा झाला असेल, रंगनाथमामा आले. दारात चपला काढल्या, दोन्ही खोल्या फिरले, ओट्यावर हात फिरवून पाहिला, टाकीचं झाकण उघडून आत डोकावले. मग खुर्चीत बसून म्हणाले, “चांगलं केलंस पोरी. ताईला आवडलं असतं.” पाणी प्यायले. “घर घेतलंस म्हणजे हातात काही असंलच. मोटर जळाली गं परत. वीस हजार होतील का?”

माझ्या हातात काहीच नव्हतं, हे त्यांना सरळ सांगता आलं असतं. पण माझ्या तोंडून दुसरंच आलं.

“मामा, माझा नंबर शेवटचा आहे. आणू कुठून?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या मिशीखाली हसू आलं.

“तुझी माय बी हेच म्हणायची,” ते म्हणाले. “पन तिचं खरं असायचं.”

“चहा ठेवते,” मी म्हणाले, आणि आत गेले.